नाशिकची हॉटेलं: शिकवलेली माणसं टिकत का नाहीत?

नाशिकमध्ये पाहुण्यांची सरबराई हॉटेलांच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे. पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरला आलेला यात्रेकरू तीर्थोपाध्यायांच्या वाड्यात नाहीतर धर्मशाळेत उतरायचा. त्याची सोय घरचीच माणसं बघत. पगारी माणूस आणि त्याला शिकवणं हा प्रश्न पुढे आला तो खाणावळी, लॉज आणि महामार्गावरच्या हॉटेलांबरोबर. सातपूर-अंबडला कारखाने आले, तसे कंपन्यांचे पाहुणेही वाढले.

तेव्हाचं शिक्षण मोरीपासून सुरू व्हायचं. कपबश्या विसळणारा पोऱ्या टेबलावर फडकं मारू लागे, मग पाणी देई, मग ऑर्डर घेई. नजर तयार झाली की गल्ल्याजवळ उभं राहायला मिळे. भटारखान्यात वस्ताद मसाल्याचं प्रमाण तोंडाने सांगत नसे, त्याच्या हाताकडे बघूनच ते उचलावं लागे. अशी पक्की तयार झालेली माणसं मी पाहिली आहेत. पण त्या शिडीच्या तळाशी अनेकदा एक लहान मूल असायचं. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यांत कामाला ठेवायला बंदी आली, ती फार आधीच यायला हवी होती.

वर्गातलं शिक्षण तोवर रुजलं होतं. १९५४ मध्ये मुंबईत हॉटेल व्यवस्थापनाची संस्था निघाली, १९८२ मध्ये या शिक्षणासाठी राष्ट्रीय परिषद आली. केंद्राच्या ‘हुनर से रोजगार तक’ योजनेने २००९-१० पासून कमी शिकलेल्या तरुणांसाठी काही आठवड्यांचे अभ्यासक्रम आणले. पुढे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा, असं ठरवलं.

गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी आणि रिसॉर्ट उभी राहिली, तेव्हा कामाचा पोतच बदलला. घरी द्राक्षबाग असलेला दिंडोरीचा मुलगा आता बाटलीचं लेबल पाहुण्याकडे करून धरतो, घोटभर ओतून आधी चव विचारतो आणि कोणत्या वाइनबरोबर काय खावं हेही सांगतो. हे शिकायला त्याला फार वेळ लागत नाही. अडतं ते पुढे.

अडचण आहे ब्रेक ड्यूटीची. सकाळी अकरा ते तीन आणि पुन्हा संध्याकाळी सात ते अकरा, असं काम असतं. मधल्या चार तासांत गावी जाऊन परतता येत नाही. रात्री सुटल्यावर शेवटची एसटी गेलेली असते. सहा जणांच्या खोलीत पाठ टेकायलाही पाळी लावावी लागते. साप्ताहिक सुट्टी लग्नसराईत हमखास रद्द होते. अशा ठिकाणी ‘महिन्याचा उत्तम कर्मचारी’ म्हणून फोटो लावला, तरी मुलगा दिवाळीनंतर परत येत नाही. माझ्या मते मालकांनी प्रशिक्षणावरच्या खर्चाआधी राहण्याची खोली, मेसचं जेवण आणि टिपची वाटणी नीट करावी.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी हॉटेलांना मोठ्या प्रमाणावर नवी माणसं घ्यावी लागतील. त्यांना शिकवायचं कुणी? २०१५ च्या सिंहस्थाची गर्दी निभावलेला कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, अजून ज्यांच्याकडे आहे, त्यांची ही चिंता बरीच हलकी झाली आहे.