अंजन बुडतो, पांगारा तरंगतो

लाकूड पाण्यावर तरंगतं हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की खानदेशातल्या अंजनाचा तुकडा बादलीत टाकला आणि तो सरळ तळाला गेला की बघणारा चक्रावतोच. (हा अंजन म्हणजे महाबळेश्वरला दिसणारी निळ्या फुलांची अंजनी नाही हां, नावांमुळे नेहमी गोंधळ होतो. हा सातपुड्याकडचा, आपट्यासारख्या जोडपानाचा मोठा वृक्ष.) त्याच बादलीत पांगाऱ्याचा तुकडा टाका, तो बुचासारखा वर राहील. सावंतवाडीची खेळणी, ती रंगवलेली लाकडी फळं, पूर्वापार पांगाऱ्याची करत आलेत कारण तो हलका आणि कोरायला मऊ.

आता मला सगळ्यात भारी वाटते ती गोष्ट ही, की दोन्हीतला मूळ माल जवळपास एकच आहे. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी, आणि त्या नळ्यांच्या भिंती सेल्युलोज, लिग्निन वगैरेच्या. ही नुसती भिंत एक लिटर जागेत ठासून भरली तर साधारण दीड किलो भरेल, मग झाड कुठलंही असो. म्हणजे लाकडाचा खरा माल पाण्यात बुडणाराच आहे, त्याला वर धरते ती नळ्यांमधली हवा! वाळलेला साग लिटरला साधारण ६५० ग्रॅम, म्हणजे त्यात माल ४३ टक्के आणि बाकी पोकळी. पांगारा ३०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाचातले चार भाग हवाच. आणि अंजन लिटरला किलोच्या वर, त्याच्या भिंती इतक्या जाड की दोन तृतीयांशाहून जास्त जागा त्यांनीच खाल्लेली. वखारीत लाकूड घनफुटावर घेतो तेव्हा हे हाताला कळतं, सागाचा एक घनफूट १८ किलोच्या आसपास आणि अंजनाचा २८ च्या पुढे.

घरी बघायचं असेल तर एक सारख्या जाडीची काठी घ्या, तिच्यावर दहा सारख्या खुणा करा आणि पाण्याने भरलेल्या उंच, अरुंद भांड्यात उभी सोडा (रुंद भांड्यात ती आडवी होते). दहापैकी साडेसहा भाग पाण्याखाली गेले तर घनता पाण्याच्या ०.६५ पट. पटकन बघा पण, लाकूड पाणी प्यायला लागलं की आकडा बिघडतो.

घनता कळली की बरंच काही कळतं. जड लाकूड सहसा जास्त वजन पेलतं, लवकर झिजत नाही, म्हणून बैलगाडीची चाकं बाभळीची. चुलीतही तेच, कोरडं लाकूड किलोमागे उष्णता जवळपास सारखीच देतं पण बाभळीच्या एका ढलपीत माल जास्त म्हणून तिचा निखारा टिकतो.

पण टिकाऊपणा मात्र घनतेवरून ठरवू नका, इथे भले भले फसतात. आंब्याचं लाकूड वजनाला सागाच्या जवळपास जातं, तरी त्याला भुंगा लागतो आणि सागाला सहसा नाही, कारण सागाच्या गाभ्यात तेल आणि टेक्टोक्विनोनसारखी रसायनं असतात जी वाळवी-बुरशीला चालत नाहीत. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं ट्रिंकोमाली हे सागाचं जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. ही रसायनं गाभ्यातच असतात, बाहेरच्या फिकट लाकडात नाही, आणि गाभा धरायला झाडाला वर्षं लागतात. म्हणून कोवळा साग घेताना वजन बघून भागत नाही, तुकड्यात फिकट भाग किती आहे ते आधी बघा.

आणि हाच साग ओला असताना पाण्यात बुडतो! नळ्यांत हवेच्या जागी पाणी असतं ना. ब्रह्मदेशात ओंडके इरावतीतून वाहत न्यायचे असायचे, म्हणून तोडायच्या दोन-तीन वर्षं आधी बुंध्याभोवती खोल खाच पाडून ठेवायचे, झाड उभ्या उभ्या वाळायचं आणि मग तरंगायचं.

लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, नळीच्या पोकळीत आणि भिंतीत. पोकळीतलं गेलं तर फक्त वजन कमी होतं, आकार तोच राहतो. भिंतीतलं कमीजास्त झालं की लाकूड आकसतं किंवा फुगतं. भिंत कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत पाणी धरते. गंमत म्हणजे लांबीत फरक नगण्य, फुगणं सगळं आडवं, आणि त्यातही खोडाच्या कापात दिसणाऱ्या वर्तुळांच्या कडेने फुगतं ते गाभ्यापासून सालीकडे फुगण्याच्या साधारण दुप्पट. फळ्या वाकड्या होतात त्या याच फरकामुळे. जुलैत दार चौकटीत अडकतं ते रुंदीत, उंचीत फारसं नाही, तेही हवेतला दमटपणा भिंतीत शिरल्यामुळेच. तेव्हा लगेच सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका, दिवाळीपर्यंत थांबा, नाहीतर एप्रिलमध्ये तिथेच बोटभर फट दिसेल. त्यापेक्षा दार कोरडं असताना वरच्या आणि खालच्या कडेलाही पॉलिश मारून घ्या, त्या कडांना नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि ओल तिथूनच सगळ्यात आधी आत जाते.