तिन्हीसांजेला रिमोट का रुसतो?

गोव्यात म्हार्दोळला माझी मावशी राहते. तिन्हीसांजेला टीव्ही लावू नये, लावलाच तर तो ऐकत नाही, असं तिचं म्हणणं. तिच्या आईच्या वेळी तिन्हीसांजेला केर काढायचा नाही आणि केस विंचरायचे नाहीत एवढंच होतं. टीव्ही त्या यादीत मावशीने घातला. गंमत म्हणजे तिच्या म्हणण्याचा दुसरा भाग खरा निघाला. गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गेलो तेव्हा बघितलं, दुपारी तीनला मुकाट्याने चालणारा रिमोट पाच-साडेपाचला दहादा दाबावा लागत होता. तोवर टीव्हीच्या कोपऱ्याला लिंबू-मिरची लागली होती. त्याबद्दल एवढंच सांगतो की ती जर रिमोटची खूण टिपणाऱ्या रिसीव्हरच्या तोंडासमोर लोंबत असेल तर परिणाम होतोच, फक्त उलटा.

खरा आरोपी मी होतो. आदल्या वर्षी मीच तिला रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक बसवून दिला होता. त्यात चित्रफिती आणि गाणी लावणारं कोडी हे सॉफ्टवेअर, आणि मागे एका हार्ड डिस्कवर काकांनी जमवलेली देवळातल्या उत्सवी नाटकांची आणि भजनांची चित्रणं. त्या डब्याला एक स्वस्तातला रिमोट जोडला होता, आणि त्याचा रिसीव्हर मी टीव्हीखाली अगदी दर्शनी चिकटवला होता. मावशीचं घर पश्चिमेकडे तोंड करून. बाल्कांवातून, म्हणजे दारापुढच्या उघड्या सोप्यातून, आलेलं उन्हं उतरतानाचं ऊन थेट त्या रिसीव्हरच्या डोळ्यात जायचं.

उन्हाचं आणि रिमोटचं हे भांडण जुनं आहे. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५० साली काढलेला पहिला टीव्ही रिमोट वायरचा होता आणि त्याचं नाव होतं ‘लेझी बोन्स’, म्हणजे आळशी. १९५५ साली त्याच कंपनीच्या यूजीन पॉली यांनी बिनवायरचा रिमोट केला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे, आणि हातात बॅटरीसारखा एक झोत. ज्या कोपऱ्यावर झोत टाकाल तसं काम. पण त्या डोळ्यांना झोत कुठला आणि ऊन कुठलं ते कळत नसे, त्यामुळे ऊन पडलं की चॅनल आपोआप बदलायचा. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाशच सोडून दिला आणि ॲल्युमिनियमच्या दांड्यांवर हातोडी मारून माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचा रिमोट बनवला. अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड, किरणांवर चालणारे रिमोट सर्रास झाले ते १९८० च्या दशकात.

पण मग प्रश्न तोच. सूर्य तर अवरक्त किरणांचा महापूर ओततो. त्यात एका चिमुकल्या दिव्याचं कोण ऐकणार?

यासाठी मावशीच्या ओसरीवरच्या घुमटाकडे, म्हणजे चामड्याने मढवलेल्या मातीच्या वाद्याकडे, वळू. चवथीला आरतीसाठी घुमट, शामेळ आणि झांजा निघतात. घुमटावर एक थाप पडली की चामडं सेकंदाला कितीतरी वेळा थरथरतं. आपल्या कानाला ती एकच थाप वाटते. आणि ताल ओळखायचा तो थापांवरून नाही, दोन थापांमधल्या अंतरावरून. रिमोट नेमकं हेच करतो. बटण दाबल्यावर त्याच्या टोकाचा दिवा नुसता पेटत नाही, तो सेकंदाला ३८,००० वेळा लुकलुकतो. ही झाली चामड्याची थरथर. अशी थरथर थोडा वेळ चालते, थांबते, पुन्हा चालते. ही झाली थाप. अर्थ असतो तो थांबण्यात.

रिसीव्हरच्या आत एक गाळणी असते. सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशालाच ती दाद देते. ऊन कितीही प्रखर असलं तरी ते लुकलुकत नाही, म्हणून गाळणीपुढे ते जवळजवळ गप्प. ‘जवळजवळ’ म्हणतो, कारण प्रखर उजेडाने आतल्या प्रकाशदर्शी डायोडमध्ये विजेची खरखर वाढते, आणि त्या खरखरीत लांबून आलेली बारीक थाप बुडून जाते. मावशीचा रिमोट पाच वाजता मुका होत नव्हता, त्याची हाक पोचण्याचं अंतर घटत होतं. दोन पावलं पुढे जाऊन दाबला की चालायचा, ते मी करून बघितलं.

आता माझ्या आवडीचा भाग. कंटाळा आला तर वाचकाने खुशाल पुढे जावं.

रिमोटचे ताल कंपनीगणिक वेगळे. स्वस्त रिमोटांत बहुधा सापडतो तो एनईसी या जपानी कंपनीचा ताल. सुरुवातीला ९ मिलिसेकंदांची एक लांब थाप आणि ४.५ मिलिसेकंदांची शांतता, म्हणजे ‘ऐका हो ऐका’. मग ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ खुणा. प्रत्येक बिटची थाप सारखीच, साधारण ०.५६ मिलिसेकंद, एवढ्या वेळात दिवा जेमतेम २१ वेळा लुकलुकतो. थापेनंतरची शांतता तेवढीच असेल तर तो ० आणि तिच्या तिप्पट असेल तर तो १. त्या ३२ बिटांतले पहिले आठ म्हणजे पत्ता, हा निरोप कोणत्या यंत्रासाठी ते. पुढचे आठ तोच पत्ता उलटा करून, ० च्या जागी १ आणि १ च्या जागी ०. मग आठ बिट बटणाचा क्रमांक, आणि शेवटचे आठ तो क्रमांक उलटा.

मावशीच्या रिमोटवरच्या वरच्या डाव्या बटणाचा क्रमांक ६९ निघाला. नुसत्या ० आणि १ मध्ये लिहिला तर ६९ होतो ०१०००१०१. धाकटा, म्हणजे उजवीकडचा, बिट आधी पाठवायची रीत, म्हणून तो जातो १०१०००१० असा आणि मागोमाग त्याची सावली, ०१०१११०१. दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा, प्रत्येक जागी एक ० आणि एक १. कुठे जुळलं नाही तर मध्ये गडबड झाली, निरोप टाकून द्या. आणखी एक नजाकत यातून आपोआप निघते. बटण कुठलंही असो, ३२ बिटांत १६ शून्यं आणि १६ एक असणारच, म्हणून प्रत्येक निरोपाला लागणारा वेळ सारखाच, साधारण ६८ मिलिसेकंद. ज्याने कोणी हे ठरवलं असेल त्याला लयीचं अंग होतं. बटण दाबून धरलं तर निरोप पुन्हा जात नाही. दर १०८ मिलिसेकंदांनी एक छोटीशी ‘अजून दाबलेलंच आहे’ अशी खूण तेवढी जाते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकावर धरून बटण दाबा. पुढच्या, सेल्फीच्या, कॅमेऱ्यातून बहुधा जास्त चांगलं दिसतं. फिकट जांभळा ठिपका दिसला तर दिवा जिवंत आहे. नाही दिसला तर आधी मागचं झाकण काढा. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत सेलच्या स्प्रिंगवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, आणि तो सँडपेपरने घासला की अर्धे ‘मेलेले’ रिमोट उठून बसतात. तळहातावर आपटल्याने रिमोट चालतो म्हणतात ना, ते आपटण्यात सेल जरा सरकतात म्हणून.

तर डब्याला मिळाला आकडा, ६९. पण ६९ म्हणजे काय, ते रिमोटला ठाऊक नसतं. आवाज वाढवा की नाटक थांबवा, तो काहीच म्हणालेला नाही. डब्यातली लिनक्स प्रणाली एका तक्त्यात बघून त्या आकड्याला एखाद्या कळीचं नाव देते. मग कोडी आपल्या तक्त्यात बघतं, त्याला कीमॅप म्हणतात, आणि ठरवतं की आत्ता पडद्यावर जे चाललंय त्यात या कळीचा अर्थ काय. यादी उघडी असेल तर डावा बाण डावीकडे सरकवतो. नाटक चालू असेल तर तोच बाण नाटक थोडं मागे नेतो. मावशीची तक्रार होती की ‘बाण खुळावलाय’. खुळा कोणी नव्हता, तक्ते दोन होते. कीमॅप एडिटर नावाचा ॲड-ऑन, म्हणजे कोडीला वरून जोडायची छोटी आज्ञावली, कोडीच्या अधिकृत भांडारातच मिळतो. त्यात हवं ते काम निवडायचं आणि रिमोटवरचं हवं ते बटण दाबायचं, झालं. मावशीसाठी मी सहा बटणं ठेवली, बाकीच्यांवर चिकटपट्टी लावली.

या ॲड-ऑनांबद्दल बाजारात भलताच गवगवा आहे. मला एका दुकानात ‘फुल्ल लोडेड’ डबा दाखवला गेला होता, जगातले सगळे चॅनल आणि नवे सिनेमे आयुष्यभर फुकट. मुळात कोडी रिकामं येतं. २००२ साली एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी लिहिलेल्या एका प्लेअरपासून त्याची सुरुवात झाली, २०१४ साली ते कोडी झालं, आणि त्याच्या मागची ना-नफा संस्था सतत सांगत आली आहे की आम्ही एकही चित्रफीत देत नाही आणि असल्या डब्यांशी आमचा संबंध नाही. व्हिडिओ ॲड-ऑन म्हणजे पायथन भाषेत लिहिलेली छोटी आज्ञावली. ती एखाद्या संकेतस्थळाला विचारते, ‘तुझ्याकडे काय आहे?’, आलेलं उत्तर यादी करून पडद्यावर मांडते, आणि तुम्ही निवडलं की त्या फितीचा पत्ता प्लेअरच्या हातात ठेवते. ॲड-ऑनच्या पोटातही काही नसतं, रिमोटसारखंच. म्हणून समोरच्या संकेतस्थळाने घडी बदलली की काल चालणारा ॲड-ऑन आज ‘काही सापडलं नाही’ म्हणतो. २०२१ साली कोडीची १९ वी आवृत्ती पायथन ३ वर गेली, तेव्हा जुन्या पायथनमधले, कोणी सुधारले नाहीत ते ॲड-ऑन एका दमात बंद पडले.

शोधायचे कुठे? आधी अधिकृत भांडारात. ॲड-ऑनच्या पानावर डाउनलोड, मग व्हिडिओ ॲड-ऑन. प्रत्येकापाशी वर्णन आणि आवृत्ती लिहिलेली असते. त्याबाहेरची झिप फाइल घालायला गेलात तर कोडी आधी ‘अनोळखी स्रोत’ ही खिट्टी काढायला लावतं आणि बजावतं की या ॲड-ऑनला तुमच्या यंत्रावरची खासगी माहिती मिळू शकते. ती सूचना वरवरची नाही. ॲड-ऑनला वेगळ्या कुंपणात ठेवलं जात नाही. कोडी ज्या फाइलींना हात लावू शकतं त्या सगळ्यांना तोही लावू शकतो.

हे सगळं ऐकून कोणी विचारेल, वेगळा रिमोट हवाच कशाला? बरोबर आहे. डबा टीव्हीला जोडणाऱ्या एचडीएमआय वायरीच्या १३ व्या पिनेवरून सीईसी नावाची एक हळू बोलणारी तार जाते, आणि तिच्यावरून टीव्हीचाच रिमोट डब्याला चालवू शकतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती सॅमसंगकडे एनीनेट प्लस, एलजीकडे सिंपलिंक, सोनीकडे ब्राव्हिया सिंक अशा नावांनी लपलेली असते. तिथेही अर्थ वेळेतच. एक बिट २.४ मिलिसेकंदांचा, तार १.५ मिलिसेकंद खाली राहिली तर ०, ०.६ राहिली तर १. मोबाइलवर कोडीचंच कोरे नावाचं रिमोटॲप वायफायवरून चालतं, त्याला उन्हाची भीती नाही. पण मावशीचा टीव्ही जुना, सीईसी नसलेला, आणि मोबाइल तिला टीव्हीसाठी हातात धरायचा नाही.

तेव्हा रिसीव्हरच हलवायचा ठरलं. नवा घेतला, आणि जुन्याच्या जागी जुन्यासारखा जोडला. चिमटीत मावणारी, तीन पायांची काळी वस्तू. दोन सेकंदांत गरम झाली आणि नाकाला वास आला. टीएसओपी १७३८ या जातीच्या रिसीव्हरच्या पायांचा क्रम असतो ग्राउंड, वीज, संदेश. ३८२३८ या जातीचा क्रम वेगळा, संदेश, ग्राउंड, वीज. मी न बघता जोडला. दुसरा घेताना कागद वाचला, रास्पबेरी पायच्या ३.३ व्होल्टवर नीट जोडला आणि टीव्हीच्या फळीखाली, आतल्या अंगाला, सावलीत चिकटवला.

पाच वाजता मी मावशीला म्हटलं, आता दाब. ती म्हणाली, अर्थात कोकणीत, की आधी तुळशीकडे दिवा लावते, मग बघू. दिवा, शुभंकरोती, देवाला नमस्कार सगळं आटपून तिने रिमोट हातात घेतला तेव्हा सात वाजत आले होते. पहिल्याच दाबाला नाटक सुरू झालं. ऊन केव्हाच माडांमागे गेलं होतं, तेव्हा ते जुन्या रिसीव्हरवरही झालं असतं. मी लिंबू-मिरचीकडे बघितलं. तिने ते पाहिलं, पण काढली नाही.