सर्दी आपली, साथ त्यांची

२०१३ साली युगांडातल्या किबालेच्या जंगलात चिंपांझींच्या एका टोळीला खोकल्याने घेरलं. टोळी ५६ जणांची होती, त्यांतले पाच मेले. मेलेल्यांत दोन वर्षांचं एक पिल्लूही होतं. त्याच्या फुफ्फुसांत सापडला तो ऱ्हायनोव्हायरस सी, म्हणजे माणसाच्या लहान मुलांना सर्दी करणारा विषाणू. ज्या जनुकाच्या एका विशिष्ट रूपामुळे या विषाणूला पेशीत शिरणं सोपं जातं, ते रूप माणसांपैकी थोड्यांतच असतं. तपासलेल्या चिंपांझींत मात्र ते सरसकट आढळलं. आपल्याकडे दोन रुमालांत आटोपणारं दुखणं त्यांच्या जिवावर बेततं ते असं.

आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलात १९९९ ते २००६ या काळात चिंपांझींमध्ये श्वसनाच्या आजाराच्या साथी आल्या आणि त्यांतही माणसाचेच विषाणू सापडले. ते बहुधा या चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्यांकडून किंवा त्यांना पाहायला येणाऱ्यांकडून गेले असावेत. मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. ताईमध्ये संशोधन केंद्राच्या आसपास शिकार कमी होत होती आणि तिथेच माकडं व चिंपांझी जास्त टिकून होते. म्हणजे माणसाच्या वावरानेच त्यांना वाचवलं आणि त्याच वावराने आजारीही पाडलं.

विषाणूचा निदान नमुना तरी घेता येतो. मनावरचा ताण कसा मोजायचा? रक्त घ्यायला प्राण्याला पकडलं, तर पकडण्यानेच ताण वाढतो. म्हणून अभ्यासक पहाटेपासून टोळीमागे फिरतात आणि विष्ठा गोळा करतात. कॉर्टिसोलसारख्या, ताणात वाढणाऱ्या संप्रेरकांचे अवशेष तिच्यात उतरतात, आणि आदले एक-दोन दिवस त्या प्राण्याने कसे काढले ते त्यावरून कळतं. मोरोक्कोतल्या बार्बरी मकाक माकडांवर असं काम झालं आहे. पर्यटकांची संख्या वाढली की ही माकडं स्वतःला जास्त खाजवतात, आणि खाजवणं ही त्यांच्यातली अस्वस्थतेची खूण आहे. पर्यटकांशी आक्रमक झटापटी जितक्या जास्त, तितकी संप्रेरकांची पातळीही वर. फोटोत तेच माकड निवांत दिसतं.

ताण थोडा वेळ असेल तर उपयोगाचाच असतो, तो जीव वाचवतो. पण तो रोजचाच झाला की शरीराची प्रतिकारशक्ती आणि प्रजननक्षमता, दोन्ही मंदावतात. मग आधीच दमलेल्या शरीरावर जंत किंवा विषाणू सहज मात करतात. किबालेच्या आसपास जंगलाचे जे तुकडे उरले आहेत, तिथल्या तांबड्या कोलोबस माकडांची पाहणी झाली. जिथे तोडलेल्या झाडांचे बुंधे जास्त, तिथे माकडांच्या पोटात जंतही जास्त आढळले. बुंधे मोजून जंतांचा अंदाज बांधता येतो, हे मला अजूनही चकित करतं.

आयतं अन्नही निरुपद्रवी नसतं. केनियातल्या अंबोसेली इथे पर्यटक निवासाच्या कचऱ्यावर जगणारी बबून माकडं लठ्ठ झाली, त्यांच्या रक्तात इन्सुलिन आणि कोलेस्टेरॉल वाढलं. मसाई मारात तर अशाच एका उकिरड्यावरच्या दूषित मांसातून क्षयरोग पसरला आणि ज्या नरांनी दांडगाईने तिथे हक्क मिळवला होता, नेमके तेच मेले.

फासांचा उल्लेख टाळता येणार नाही. युगांडाच्याच बुडोंगो जंगलात फास लावले जातात ते छोट्या हरणांसाठी आणि रानडुकरांसाठी, अडकतात चिंपांझी. अभ्यासाखालच्या टोळीतल्या सुमारे एक तृतीयांश चिंपांझींच्या हातापायांना अशा जुन्या जखमा आहेत. ते जगतात, पिल्लंही वाढवतात, आणि मोजणीत त्यांचा आकडा धडधाकट चिंपांझीइतकाच भरतो. संख्या टिकली म्हणजे प्राणी सुखरूप आहे, असं म्हणूनच मला मानवत नाही.

काय करायचं ते बऱ्याच अंशी ठाऊक आहे. डोंगरी गोरिलांजवळ जाताना आधी किमान सात मीटर अंतर ठेवायचं असा नियम होता, कोविडनंतर दहा मीटर आणि तोंडावर मास्क अशी शिफारस झाली. सर्दी-खोकला असलेल्याने जायचंच नाही. पण गोरिलांची पिल्लं कुतूहलाने आपणहून जवळ येतात, कधी कपड्याला हात लावतात. माणूस हरखून जागीच थांबतो. त्या क्षणी हळूहळू मागे सरायचं असतं.