विंच लावाल, पण बारा व्होल्ट कुठून घेणार?

मुळशी, पानशेतच्या बाजूला फार्महाऊस केलेल्या पुणेकरांना विजेवर चालणारा छोटा बागट्रॅक्टर आवडण्यासारखाच आहे. आवाज नाही, धूर नाही, डिझेलचा कॅन गाडीतून न्यायचा नाही. गाडं अडतं ते माती ढकलणारा पुढचा पाटा किंवा मागचा कल्टिव्हेटर उचलताना.

डिझेल ट्रॅक्टरला हायड्रॉलिक लिफ्ट सहज परवडते, कारण ट्रॅक्टर उभा असला तरी इंजिन चालू असतं आणि पंप फिरत राहतो. विजेच्या ट्रॅक्टरची मोटर चाकाबरोबरच थांबते. मग पंपाला वेगळी मोटर हवी, शिवाय तेलाची टाकी, व्हॉल्व्ह आणि होज. पन्नास किलोच्या पाट्यासाठी एवढा संसार कोण मांडणार? म्हणून हाताचा लिव्हर येतो. पावसाळ्यात पाट्याला चिकट माती बसली की त्याच लिव्हरला दोन्ही हात लावून लटकावं लागतं. त्यापेक्षा जीपला लावतात तसली छोटी विंच बरी.

कल्पना तशी आपल्याकडे जुनीच आहे. विहीर खोदणाऱ्यांची यारी पाहिली असेल, तर विंच कळायला वेगळं काही लागत नाही. ड्रम, दोर, गिअर, ब्रेक. फक्त इंजिनाच्या जागी मोटर.

पन्नास किलो वजन वीस सेंटिमीटर उचलायला ऊर्जा लागते जेमतेम 100 ज्यूल. विंच मात्र यापेक्षा कितीतरी जास्त खाते. समजा उचलताना ती 12 व्होल्टवर 20 अँपिअर घेते आणि पाच सेकंद चालते. म्हणजे 1200 ज्यूल झाले. त्यातला मोठा भाग गिअरच्या घर्षणात आणि मोटरच्या उष्णतेत जातो. तरीही दिवसात चाळीस वेळा उचललं, चाळीस वेळा सोडलं, तरी हिशेब दोन-सव्वादोन अँपिअर-तासांच्या वर जात नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीला त्याचं काहीच वाटत नाही. प्रश्न विजेचा नाही, जोराचा आहे.

आणि जोराचं गणित फसवं असतं. दोर अवजाराच्या टोकाला न बांधता ते धरणाऱ्या दांड्याच्या मधोमध बांधला, तर 50 किलोचे 100 किलो होतात. तो दोर उभ्या रेषेशी 60 अंशांनी कलला, तर शंभराचे दोनशे. दगडावरून चाक आपटलं की क्षणभर त्याच्याही दुप्पट. छोटी विंच साधारण 900 किलो ओढायची म्हणून विकली जाते, त्यामुळे ती हे सोसेल. ती ज्या पट्टीवर बसवली ती पट्टी सोसेल का, हे आधी बघायचं. बॉनेटच्या पत्र्यावर विंच बसवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. चासीपर्यंत जाणारा जाड अँगल हवाच. तो 900 चा आकडाही ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा असतो. थर चढले की त्रिज्या वाढते आणि ओढ कमी होते. आपल्याला हातभर दोर पुरतो, तेव्हा बाकीचा काढून टाकावा. ड्रमवर पाचेक वेढे मात्र कायम राहू द्यावेत, म्हणजे ताण दोराच्या टोकाच्या स्क्रूवर येत नाही.

आता विंचला लागणारे बारा व्होल्ट. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने 1969 पासून काही वर्षं ‘इलेक-ट्रॅक’ नावाचे विजेचे बागट्रॅक्टर बनवले. त्यांत सहा-सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 36 व्होल्ट मिळवले होते. अशा माळेतल्या दोन बॅटऱ्यांवरून 12 व्होल्ट काढायचा मोह कुणालाही होतो. विंच चालतेही झकास. पण त्या दोन बॅटऱ्या इतर चौघींपेक्षा थोड्या जास्त रिकाम्या होतात. चार्जरला एकेक बॅटरी दिसत नाही, दिसते फक्त बेरीज. बेरीज 44 व्होल्टच्या आसपास गेली की त्याच्या लेखी काम झालं. दोघी अर्धपोटी राहतात, चौघींचं पाणी वायू होऊन उडत राहतं, आणि हे महिनोन्‌महिने चाललं की अर्धपोटी बॅटऱ्यांच्या प्लेटांवर सल्फेट धरतो.

यात विंच तशी गरीब गुन्हेगार आहे. त्याच जोडणीवर कुणी शंभर वॉटचे हेडलाइट लावले, तर तासाभरात आठ अँपिअर-तास जातात, म्हणजे विंचच्या दिवसभराच्या जवळजवळ चौपट. पाणी भरायच्या बॅटऱ्या असतील, तर अधूनमधून मुद्दाम जास्त वेळ चार्ज करून त्यांना पुन्हा एका पातळीवर आणता येतं. सीलबंद बॅटऱ्यांत ती सोय जवळजवळ नाही. लिथियमच्या पॅकमध्ये तर मधूनच वीज काढायच्या फंदात पडूच नये.

माझ्या मते सरळ मार्ग असा: विंचसाठी 12 व्होल्टची छोटी वेगळी बॅटरी ठेवावी आणि पूर्ण माळेवरून कन्व्हर्टर (जास्त व्होल्ट उतरवून 12 करणारा डबा) लावून ती चार्ज करत राहावी. ई-रिक्षातले दिवे अशाच कन्व्हर्टरवर चालतात. झटक्याचा करंट छोटी बॅटरी देते, कन्व्हर्टर सावकाश भरपाई करतो, आणि सहाही बॅटऱ्या सारख्याच खर्च होतात. बॅटरीपासून विंचपर्यंतची वायर जाड आणि आखूड, फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ.

विंचचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. दोर फक्त ओढतो, ढकलत नाही. त्यामुळे थोडा ढिला सोडला की पाटा जमिनीचे उंचसखल स्वतःच घेत जातो. तोटाही तोच: कडक मातीत पाटा दाबून धरता येत नाही. रस्त्याने नेताना मात्र वजन दोरावर ठेवू नये, साखळी किंवा पिन लावावी. विंचचा ब्रेक गाडी ओढण्यासाठी असतो, वजन तासन्‌तास टांगून ठेवायला नाही. उचललेल्या पाट्याखाली हात तर घालूच नये.

राहिला लिमिट स्विच, म्हणजे पाटा वर पोचला की विंच आपोआप थांबवणारा स्विच. पाटा वर टेकल्यावरही बटण दाबलेलं राहिलं, तर विंच ओढतच राहते आणि मग दोर, पट्टी, मोटर यांतलं जे कच्चं असेल ते जातं. बटणाच्या छोट्या करंटवर विंचचा मोठा करंट जोडतो तो रिले; स्विच ‘वर’च्या रिलेच्या कॉइलच्या वायरीतच टाकायचा, म्हणजे वर जाणं बंद होतं आणि खाली सोडणं चालू राहतं. बुधवार पेठेत असे स्विच मिळतात; धूळपाणी न शिरणारा मात्र आठवणीने मागून घ्यावा लागतो.