बी मायनर मास

बी मायनर मास : जर्मन संगीतकार योहान सेबास्टिअन बाख (१६८५–१७५०) याची कॅथलिक मिस्साच्या (चर्चमधील मुख्य उपासनाविधीच्या) संपूर्ण लॅटिन संहितेवरील वृंदगान-रचना. बाखच्या कृतींच्या सूचीत क्रमांक २३२. एकूण भाग २७. सादरीकरणास सुमारे पावणेदोन ते दोन तास लागतात. शीर्षक बाखचे नव्हे, आणि ते नेमकेही नाही : बी मायनर स्वरश्रेणीत अवघे पाच भाग आहेत, तर डी मेजरमध्ये बारा. गोवा-वसईकडील जुन्या पिढीतील कॅथलिकांनी हीच संहिता १९६० च्या दशकापर्यंत चर्चमध्ये लॅटिनमध्ये ऐकलेली आहे.

हस्तलिखिताचे चार विभाग असून प्रत्येकाला बाखने वेगळा क्रमांक व स्वतंत्र शीर्षकपान दिले आहे : मिस्सा (किरिए म्हणजे दयायाचना व ग्लोरिया म्हणजे स्तुती, १२ भाग), सिंबोलुम नायसेनुम म्हणजे क्रेदो (श्रद्धाघोषणा, ९), सांक्तुस (‘पवित्र’ हा घोष, १) आणि ओसान्नापासून दोना नोबिस पाचेमपर्यंतचे उरलेले ५ भाग. पाच गायनस्वर म्हणजे आवाजांचे गट (उंचाकडून खाली : दोन सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) ही सर्वसाधारण मांडणी. सांक्तुसमध्ये ते सहा होतात, ओसान्नामध्ये दोन वृंद मिळून आठ. वाद्यवृंदात तीन ट्रंपेट, टिंपनी, एक हॉर्न, दोन बासरी, तीन ओबो, दोन बासून, तंतुवाद्ये आणि आधारस्वरांसाठी ऑर्गन असतो.

रचनाकाळ : ही कृती सलग लिहिली गेलेली नाही. सर्वांत जुना विभाग सांक्तुस. तो १७२४ च्या नाताळासाठी लाइपझिगमध्ये रचला गेला. सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा अधिकार असलेला शासक) ऑगस्टस दुसरा १ फेब्रुवारी १७३३ रोजी वारला आणि सुतकामुळे चर्चमधील वाद्यसंगीत काही महिने बंद राहिले. किरिए आणि ग्लोरिया या सक्तीच्या मोकळिकीत तयार झाले असावेत. त्यांच्या सुट्या वादन-गायनप्रती बाखने २७ जुलै १७३३ च्या अर्जासोबत नव्या इलेक्टरला ड्रेस्डेन येथे अर्पण केल्या. मागणी दरबारी पदवीची होती, ती १७३६ मध्ये मिळाली. या प्रतींवर बाखबरोबर त्याच्या पत्नीचे व मुलांचेही हस्ताक्षर आहे. मिस्सा त्या वर्षी प्रत्यक्ष गायली गेली का, याविषयी एकमत नाही. एप्रिल १७३३ मध्ये लाइपझिग येथे झालेल्या राजनिष्ठेच्या सोहळ्यात ती सादर झाली, हे आर्नोल्ट शेरिंग यांचे अनुमान आता फारसे कोणी स्वीकारत नाही. सुतक तोवर संपले नव्हते.

उरलेली जुळणी बाखने आयुष्याच्या अखेरीस केली. योशिताके कोबायाशी यांनी हस्ताक्षरातील बदलांवरून ती ऑगस्ट १७४८ ते ऑक्टोबर १७४९ दरम्यानची ठरवली आणि हा निष्कर्ष सर्वसाधारणपणे मान्य आहे. बाखसारख्या लूथरपंथी (प्रॉटेस्टंट) संगीतप्रमुखाने पूर्ण कॅथलिक मिस्सा का रचावी, यावर मात्र वाद आहे. ड्रेस्डेनच्या नव्या कॅथलिक दरबारी चर्चसाठी ती योजली असावी, असा एक तर्क आहे. मिखाएल माउल यांनी २००९ मध्ये व्हिएन्नातील सेंट सिसिलिया संगीतसंघाकडे बोट दाखवले. बाख आणि संघ यांच्यातला मध्यस्थ होता काउंट क्वेस्टेनबेर्क. दोन्हींची अडचण संहितेतच आहे. सांक्तुसमध्ये कॅथलिक पाठातील ‘तुआ’ऐवजी लूथरपंथी पाठातील ‘एयुस’ येतो, आणि ग्लोरियात लाइपझिगच्या प्रथेनुसार ‘आल्तिस्सिमे’ हा जादा शब्द आहे. कॅथलिक चर्चसाठी प्रत पाठवायची असती, तर बाखने हे दोन शब्द बदलले नसते असे मानणे अवघड आहे. त्यामुळे आपल्या उत्तम गायनरचना एका चौकटीत सांभाळून ठेवण्याचा हा वैयक्तिक संकल्प होता, हे मत अधिक जवळचे वाटते.

जुन्या रचनांचा पुनर्वापर : निम्म्याहून अधिक भाग आधीच्या कृतींवर बेतलेले आहेत, असे अनेक अभ्यासक मानतात, सर्वांचे मूळ उपलब्ध नाही. ‘ग्रातियास’ १७३१ च्या २९ व्या कँटाटामधून (वाद्यांसह गायची चर्च-रचना), ‘क्वि तोल्लिस’ १७२३ च्या ४६ व्या कँटाटामधून घेतले आहे. ‘क्रुचिफिक्सुस’चे (‘क्रूसावर खिळला’) मूळ १७१४ मधील १२ व्या कँटाटात आहे. त्यात आधारस्वरांची चार बारांची (तालखंडांची) ओळ षड्जापासून खालच्या पंचमापर्यंत अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरते आणि न बदलता फिरत राहते. मूळ रचनेत ती बारा वेळा येते. बाखने सुरुवातीला केवळ वाद्यांचे एक आवर्तन जोडून तेरा केली, रचना एफ मायनरमधून ई मायनरमध्ये उतरवली आणि बासच्या लांब स्वरांचे ठोके केले. शेवटच्या आवर्तनात बासरी व व्हायोलिन थांबतात, आवाज खालच्या पट्टीत जातात आणि शेवट अनपेक्षितपणे जी मेजरमध्ये होतो. लगेच पूर्ण वाद्यवृंदासह ‘एत रेसुर्रेक्सित’ (‘आणि तो पुन्हा उठला’) सुरू होते. मूळ कँटाटातील उतारा आणि हा भाग लागोपाठ ऐकले, तर बाखची दुरुस्तीची पद्धत जितकी कळते तितकी वर्णनाने कळत नाही. ‘एत इन्कार्नातुस’ हा भाग नंतर सुट्या पानावर लिहून क्रेदोत घातला आहे.

हस्तलिखित : मूळ प्रत बर्लिनच्या राज्य ग्रंथालयात आहे, २०१५ मध्ये तिची युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत नोंद झाली. लोहयुक्त शाईने कागद खाल्लेला आहे. शिवाय मुलगा कार्ल फिलिप एमान्युएल याने १७८६ मध्ये हाम्बुर्क येथे क्रेदो सादर करताना व इतर वेळी त्याच पानांवर दुरुस्त्या केल्या, त्यामुळे बापलेकांचे हात वेगळे करणे ही संपादकांची मुख्य डोकेदुखी ठरली. फ्रीडरिख श्मेंट यांच्या १९५४ च्या आवृत्तीवर पाठनिवडीबद्दल कडक टीका झाली. या चार सुट्या कृती आहेत, हे त्यांचे म्हणणेही टिकले नाही. जोशुआ रिफ्किन (२००६) यांनी मुलाच्या दुरुस्त्या वगळण्याचा प्रयत्न केला, तर उवे व्होल्फ यांच्या २०१० च्या आवृत्तीसाठी क्ष-किरणांनी शाईतील धातूंचे प्रमाण तपासण्यात आले.

गायकसंख्या : एकोणिसाव्या शतकात ही रचना शेकडो गायक घेऊन गाण्याची रीत पडली. रिफ्किन यांनी १९८१ मध्ये प्रत्येक स्वराला एकच गायक असावा असे मांडले. १७३३ मध्ये ड्रेस्डेनला अर्पण केलेल्या संचात प्रत्येक गायनस्वराची एकच प्रत आहे, हा त्यांचा एक आधार. विरोधक बाखच्या १७३० च्या निवेदनाकडे निर्देश करतात, ज्यात त्याने प्रत्येक स्वराला तीन, शक्यतो चार गायक मागितले होते. आज २० ते ४० गायकांचा वृंद सर्वाधिक आढळतो. फ्यूगच्या (एकच विषय एकामागून एक आवाज उचलतात अशा रचनेच्या) वेगवान ओळी त्यात स्पष्ट राहतात, आणि तीन ट्रंपेटांपुढे आवाजही टिकतो.

प्रत्यक्ष मैफल : ध्वनिमुद्रणात झाकल्या जाणाऱ्या अडचणी सभागृहात उघड्या पडतात. पहिल्या किरिएत चार बारांच्या सामूहिक हाकेनंतर केवळ वाद्ये दीर्घकाळ फ्यूगचा विषय मांडतात. टेनर त्यानंतर एकटे उठतात. संचालकाने इथे लय जड ठेवली, तर पुढची दहा मिनिटे ओढत न्यावी लागतात. हॉर्नला काम फक्त ग्लोरियातील ‘क्वोनियाम’मध्ये, आणि तेही दोन बासून व बास गायकाच्या सोबतीने. वादक पाऊण तासाच्या आसपास गप्प बसतो, ओठ व पितळ दोन्ही थंड होतात, आणि सुरुवातच उघड्यावर मंद्राकडून तार सप्तकात झेप घेऊन करायची असते. बरेच वादक त्याच भागापुरते मंचावर येतात. लगेचच ‘कुम सांक्तो’मध्ये ट्रंपेट लागत असल्याने हे काम ट्रंपेटवाल्याकडे सोपवता येत नाही.

खरी परीक्षा क्रेदोतील ‘कोन्फितेओर’ची. साथीला फक्त आधारवाद्ये असतात, आणि शेवटच्या संथ भागात स्वरसंहती इतकी सरकत जाते की वृंदाला पाय टेकायला जागा उरत नाही. इथे सूर उतरला, तर पुढच्याच क्षणी डी मेजरमधले ट्रंपेट ते जाहीर करतात. जुन्या धर्तीचे, झडपा नसलेले ट्रंपेट वापरले, तर ११ वा व १३ वा उपस्वर मुळात बेसूर असल्याने वादकाला ते ओठांनी सावरावे लागतात. अशा वाद्यवृंदात ‘ए’ स्वर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झवर, म्हणजे सुमारे अर्धा स्वर खाली लावतात. सोप्रानोंना त्याने दिलासा मिळतो. ओसान्नाला वाद्यांची प्रस्तावना नसते, त्यामुळे सांक्तुसनंतर जागा बदलत बसणारा वृंद तिथे हमखास फसतो. सुरुवातीपासून आठ स्वरांच्या मांडणीत उभे राहणे सोयीचे. ‘बेनेदिक्तुस’मधील एकल वाद्य बाखने सांगितलेले नाही. पूर्वी ते व्हायोलिनवर वाजवत, आता बहुधा बासरीवर. स्वरांची पट्टी बासरीला अधिक मानवते. मध्यंतर ग्लोरियानंतर घेतात.

प्रसार : हस्तलिखित १८०५ मध्ये विकत घेणारे प्रकाशक हान्स गेओर्ग नेगेली यांनी १८१८ मध्ये ते छापण्याची घोषणा केली, पण वर्गणीदार जमेनात. पहिला विभाग १८३३ मध्ये, उर्वरित १८४५ मध्ये छापला गेला. बाखच्या हयातीत ही कृती सलग गायली गेल्याचा पुरावा नाही. पहिले संपूर्ण सादरीकरण बहुधा १८५९ मध्ये लाइपझिगला जर्मन भाषांतरात झाले. लंडनमध्ये १८७६ साली, तर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथे १९०० साली. लाइपझिगच्या वार्षिक बाख महोत्सवाची सांगता प्रथेने याच रचनेने, बाखचे दफनस्थान असलेल्या टोमासकिर्श चर्चमध्ये होते. वृंद मागच्या सज्जात असतो, त्यामुळे खालच्या अनेक आसनांवरून गायक दिसत नाहीत. तिकीट काढताना आसनाचा नकाशा पाहावा.