छप्पर नसलेलं डंजन आलं कुठनं?

घरी बसून आरपीजी, म्हणजे हिरोला घेऊन फिरायचं-लढायचं असे गेम, बनवणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या गेममध्ये एक जंगल असतंच. हिरव्या झाडांच्या दोन रांगा, मधनं दोन टाईल (नकाशाचे चौकोनी तुकडे) रुंदीची वाट, कोपऱ्यात खजिन्याची पेटी, शेवटी बॉस. आणि खेळणारा पहिल्या मिनिटाला विचारतो की अरे हा हिरो ड्रॅगन मारून आलाय, हातात तलवार हाय, मग दोन झाडांच्या मधनं का जाईना? डंजन म्हणजे राक्षस आणि खजिन्यानं भरलेला भूलभुलैया, एरवी जमिनीखालचा; त्याच्या उघड्यावरच्या भावाचा, आऊटडोअर डंजनचा, आजवरचा प्रवास बघितला तर लोकं एवढ्या एकाच प्रश्नाशी झटापट करत आलीत असं दिसतं, म्हणून जरा मागनं सुरुवात करतो.

१९७४ ला कागद आणि फाशांवर खेळायचा डंजन्स अँड ड्रॅगन्स बाजारात आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा, डब्यात तीन पुस्तिका. जमिनीखालच्या भागासाठी चौकटीच्या कागदावर नकाशा काढायचा, म्हणजे खोल्या, बोळ, दारं, आणि तिथं कुणी भिंतीचं कारण विचारत नाही कारण भिंत ती भिंतच. उघड्या रानासाठी मात्र त्यांनी दुसऱ्याच कंपनीच्या आऊटडोअर सर्व्हायव्हल नावाच्या बोर्डगेमचा षटकोनांचा नकाशा वापरा असं सांगून टाकलं. रानात वाट चुकायची की नाही ते फासे ठरवणार, आणि दलदल, जंगल, मोकळं माळरान यांचे चान्स वेगवेगळे. मला हे डोकं भारी वाटतं, कारण रानाचा अडथळा म्हणजे भिंत नव्हे हे त्यांना तेव्हाच कळलेलं, तिथं माणूस अडत नाही तर भरकटतो. पण कॉम्प्युटरवाल्यांनी हा भाग बराच काळ बाजूला ठेवला.

विल क्राऊथर हा प्रोग्रॅमर स्वतः गुहांमधे उतरणारा माणूस, केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या सर्व्हेत तो होता, त्यामुळं १९७५-७६ च्या त्याच्या अॅडव्हेंचर गेममधल्या गुहेला खऱ्या गुहेचा आधार आहे. गंमत म्हणजे तो गेम सुरू होतो बाहेर, रस्त्यावर, आजूबाजूला जंगल. पण त्या जंगलात करण्यासारखं काही नाही, नुसतं फिरत बसायचं. गुहा मोजूनमापून आणि जंगल नुसतंच असायचं म्हणून, ही खोड तेव्हापासनं लागली ती अजून सुटलेली नाही.

मग १९८६ चं जपान. निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमिंग मशीनचा स्क्रीन २५६ बाय २४० पिक्सेलचा, मेमरी तुटपुंजी, त्यामुळं एकच झाड शंभर वेळा छापायचं आणि त्यालाच भिंत म्हणायचं. त्यावरच्या पहिल्या झेल्डा गेममधे बाहेरचा सगळा प्रदेश १६ बाय ८, म्हणजे १२८ स्क्रीनचा. त्यात हरवण्याचं जंगल आहे, आलेली बाजू सोडून कुठंही गेलात तरी तोच स्क्रीन परत येतो आणि दिशांचा ठरावीक क्रम पाळला तरच पलीकडं पोचता येतं. खर्च एका स्क्रीनचा आणि भरकटणं मात्र खरं, ती फाशांची आयडिया इथं वेगळ्या रूपात आली म्हणायची. त्याच वर्षीच्या ड्रॅगन क्वेस्ट गेमनं झाडांचा नाद सोडून नदी धरली. पूल ओलांडला की पलीकडचे राक्षस एकदम तगडे, त्यामुळं दार नाही, कुलूप नाही, पाटी नाही, तरी दोनदा मार खाल्ला की खेळणारा आपणहून मागं फिरतो. दहा वर्षांनी, १९९६ ला, पोकेमॉननं छोटे बांध टाकले, वरनं खाली उडी मारता येते पण खालनं वर चढता येत नाही, बास. उतार एका दिशेचा झाला आणि तेवढ्यानंच साध्या मोकळ्या रानाला आत जायची वेगळी आणि परत यायची वेगळी अशी वाट मिळाली. माझ्या मते आऊटडोअर डंजनमधला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा शोध.

मग हे सगळं तुमच्याआमच्यासारख्यांच्या हातात आलं ते आरपीजी मेकर या घरी गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमुळं. जपानात ही मालिका १९९२ ला सुरू झाली, आणि आरपीजी मेकर २००० वर तर जगभरच्या हौशी पोरांनी हात साफ केले, तेही बरेच दिवस डॉन मिगेल नावानं वावरणाऱ्या एका माणसानं केलेल्या अनधिकृत इंग्रजी भाषांतरावर. त्यात टाईल १६ पिक्सेलची, स्क्रीनवर २० बाय १५ टाईल. आणि बहुतेक टाईलला गोल नाहीतर फुली. गोल असेल तर जाता येतं, फुली असेल तर नाही. झाडाला फुली, दगडाला फुली, समुद्राला फुली. सोय झाली खरी, पण कडा का अडवतो आणि पाणी का अडवतं यातला फरकच डोक्यातनं गेला, आणि ती दोन रांगांची जंगलं तयार झाली ती इथनं. पुढच्या व्हर्जनमधे टाईल मोठ्या झाल्या, ग्राफिक्स सुधारली, पण फुली तीच.

मोठ्या कंपन्या तोवर फार पुढं गेल्या. २०१७ च्या झेल्डात कुठलाही कडा चढता येतो, दम संपेपर्यंत. त्या टीमनं अंतराचा अंदाज यावा म्हणून आपल्या क्योटो शहराचा नकाशा गेमच्या जमिनीवर ठेवून बघितला, आणि डोंगर त्रिकोणी ठेवले म्हणजे चढायचं की वळसा घालायचा ते खेळणाऱ्यानं ठरवावं आणि मागं काय लपलंय ते हळूहळू दिसावं. कडा चढायची सिस्टीम घरी बनवायला गेलात तर वर्ष जाईल, पण नकाशा ठेवायची युक्ती फुकट आहे. क्योटोच्या जागी सातारा ठेवा.

आणि साताऱ्याचा एक फायदा आहे जो या टूलवाल्यांना माहीत असायचं कारण नाही. टाईलसेटमधला डोंगर सपाट माथा, उभी भिंत, परत सपाट पायरी असा असतो आणि लोकं त्याला खोटा म्हणून हसतात, पण आपला सह्याद्री खरोखरच तसाय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे बसलेत, कठीण थराचा कडा होतो, मधला मऊ थर झिजून पायरी होते. कास पठारावर तर वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा कातळ, माती बोटभर, म्हणून वर मोठी झाडं नाहीत, नुसतं गवत आणि पावसाळ्याच्या शेवटी फुलं, आणि दाट जंगल सगळं खाली घळीत, ओढ्याकडंला. म्हणजे नकाशाचा नियम आयता मिळाला: वर मोकळं आणि लांबचं दिसणारं, खाली दाट आणि काहीच न दिसणारं. या दोन थरांना जोडतात सोंड, खिंड आणि नाळ, आणि फुली कुठं मारायची ते कडाच सांगतो.

साताऱ्याकडचा वासोटा किल्ला घ्या. इथं तुरुंगच होता, म्हणजे शब्दशः डंजन, आणि त्याची खरी भिंत म्हणजे भोवतीचं कोयनेचं जंगल. १८१८ ला इंग्रजांनी तो घेतला तेव्हा साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरातली माणसं आणि दोन इंग्रज अधिकारी आत कैदेत होते. जनरल प्रिट्झलरच्या सैन्यानं समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि तिथनं मारा केला तेव्हा किल्ला पडला. डिझायनरच्या नजरेनं बघा, आधी खाली जंगलात बराच वेळ काहीच दिसत नाही, मग एकदम माथा, पाण्याची टाकी, बाबूकड्याची सरळ तुटलेली धार आणि पलीकडं कोकण, आणि समोर दुसरा डोंगर जिथनं हा सगळा टप्प्यात येतो. जो खेळणारा आधी समोरचा डोंगर चढेल त्याची शेवटची लढाई सोपी करून द्या, कुणी तक्रार करणार नाही. एक मात्र सांभाळा, आज आपण बामणोलीतनं लाँचनं जातो ते शिवसागर जलाशयामुळं, आणि तो ज्याच्यामुळं झाला ते कोयना धरण साठच्या दशकातलं. गेम पेशवाईतला असेल आणि हिरो लाँचच्या धक्क्यावर उभा असेल तर सातारकर हसून मरतील.

किल्ले नकोत तर सांगलीकडं या. वाळवा-शिराळ्याच्या बाजूला उभा ऊस माणसापेक्षा उंच, मधे बांध, पाट, पाणंद, दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि ऊसात बिबट्याची पिल्लं सापडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात, म्हणजे राक्षस कुठं ठेवायचा तेपण ठरलं. शिवाय हे डंजन कायमचं नाही. तोडणीची टोळी आली की फड मोकळा, आतला बिबट्या शेजारच्या फडात. गेममधे दोन मॅप करा, एक उभ्या ऊसाचा, एक खोडव्याचा, आणि कारखाना सुरू झाला की स्विच फिरवा. उभ्या ऊसात जी विहीर सापडत नव्हती ती आता लांबनं दिसणार.

आणि पूर. पाण्याची पातळी बदलणारी डंजन गेममधे जुनीच, लिव्हर ओढला की पाणी खाली, पण तो लिव्हर तिथं कुणी आणि का बसवला ते कुणी सांगत नाही. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी शाळकरी पोराला पण पाठ असते, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमधे पाणी ५७ च्या पुढं गेलं होतं. हा एकच आकडा व्हेरिएबल म्हणून धरायचा, दर टप्प्याला कुठली गल्ली बुडते, कुठला घाट गायब होतो, कुठं होडीशिवाय जाता येत नाही ते ठरवायचं, आणि आकडा वाढतो तो वर कोयनेच्या खोऱ्यात पाऊस किती पडला आणि धरणातनं किती सोडलं त्यावर. दोन्ही ठिकाणं एकाच गेममधे असतील तर वासोट्याच्या जंगलात जितके दिवस पावसात घालवाल तितकी खाली सांगलीत होडी लागणार, आणि इथं फुली टाईलवर कायमची मारायची नाही, पातळी बघून इव्हेंटनं, म्हणजे गेम चालू असताना चालणाऱ्या कमांडनं, मारायची.