डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम जोडणी

कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांत इंजिनावरच्या भारानुसार ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी योजना. एका बारीक नळीचे एक टोक कार्ब्युरेटरला किंवा मॅनिफोल्डला (मिश्रण सिलिंडरांत नेणाऱ्या नळकांड्याला) आणि दुसरे डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगीची वीज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला पोचवणाऱ्या भागाच्या) कुशीतल्या पत्र्याच्या डबीला जोडलेले असते. डबीत रबरी पडदा व स्प्रिंग असते. नळीतला व्हॅक्यूम (हवेची ओढ) वाढला की पडदा ओढला जातो, त्याची काडी पॉइंटची (ठिणगी पाडणाऱ्या स्विचची) प्लेट रोटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या भागाच्या, उलट दिशेने सरकवते आणि ठिणगी लवकर पडते.

पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटून जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन टोकाला पोचण्याआधीच ठिणगी द्यावी लागते. ६०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, एका मिलिसेकंदात ३.६ अंश फिरतो, ३००० ला १८ अंश. वेगाचा हा हिशेब डिस्ट्रिब्युटरमधली फिरती वजने सांभाळतात. भार मात्र त्यांना कळत नाही. सपाट रस्त्यावर हलक्या ॲक्सिलरेटरवर सिलिंडर अर्धवट भरतो, मिश्रण सावकाश जळते आणि ठिणगी आणखी आधी हवी असते. नेमका तेव्हाच मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम भरपूर असतो. खंडाळ्याच्या चढाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो जवळजवळ नाहीसा होतो, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे येते आणि इंजिनाचे नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठकठक) टळते. म्हणूनच नळी काढून भोक बुजवले तरी गाडीची पूर्ण ताकद तेवढीच राहते; पण ॲव्हरेज घसरते आणि हलका पिकअप मंदावतो. दुरुस्तीचा सोपा मार्ग म्हणून ही नळी बुजवणे चुकीचेच आहे.

नळी कुठे जोडायची यावर सर्वाधिक घोळ होतो. कार्ब्युरेटरवरचे छिद्र बहुधा बंद बटरफ्लायच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या) कडेच्या किंचित वर असते. आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) तिथे व्हॅक्यूम मिळत नाही, बटरफ्लाय जरा उघडला की मिळतो. मॅनिफोल्डवरून घेतलेल्या नळीत मात्र तो आयडलिंगलाही असतो. त्यामुळे टायमिंग पुढे जाऊन आरपीएम चढतो आणि आयडलिंगचा स्क्रू पुन्हा लावावा लागतो. दोन्ही पद्धती कारखान्यांनी वापरल्या आहेत. डबीची स्प्रिंग आणि वजने त्या-त्या जोडणीला धरून बेतलेली असल्याने त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधली जागाच धरावी.

अँबॅसेडरच्या १४८९ सीसी बी-सिरीज इंजिनावर असलेल्या ल्युकस जातीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये डबीवर ‘५-१३-१०’ सारखे आकडे कोरलेले आढळतात. पाच इंच पाऱ्याच्या व्हॅक्यूमला हालचाल सुरू, तेराला पूर्ण, आणि जास्तीत जास्त दहा अंश, असा त्याचा अर्थ. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून क्रँकवर ते वीस अंश होतात. डबी बदलताना हे आकडे जुळवून घ्यावेत; दिसायला सारखी डबी वेगळ्याच गाडीची असू शकते.

तपासणी सोपी आहे. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून नळीचे कार्ब्युरेटरकडचे टोक तोंडाने ओढावे: प्लेट सरकली पाहिजे आणि टोक जिभेने बंद धरल्यास तिथेच थांबली पाहिजे. मागे आली तर पडदा फाटला आहे किंवा नळी चिरली आहे. टायमिंग लाइटने मूळ टायमिंग लावताना सहसा नळी काढून तिचे टोक बुजवतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या काही फोक्सवॅगन बीटल याला अपवाद आहेत. त्यांच्या डबीला दोन नळ्या असतात, एक टायमिंग पुढे नेणारी आणि दुसरी धूर कमी करण्यासाठी आयडलिंगला मागे ओढणारी. तिथे दोन्ही नळ्या जोडलेल्या ठेवूनच पिस्टन टोक ओलांडल्यावर ५ अंशांवर टायमिंग लावायचे असते.